मागच्या खोलीतले पिंगळे

सातपूर, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न.

तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं, वड्याही पोचल्या. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. घरात जरा गडबड होती.

एक विचारायचं होतं. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीत, खिडकीच्या वर, आधीच्या मालकाने एसीसाठी खोकं सोडलं होतं. आतून प्लायवूड स्क्रूने बसवून वर रंग दिलेला आहे, बाहेरून मात्र तोंड उघडंच. त्यात पाखरांची एक जोडी राहायला आली आहे. साळुंकीएवढी, पण गोल आणि बसकी. अंग मातकट, त्यावर पांढरे ठिपके. डोळे पिवळेजर्द आणि वर पांढऱ्या भुवया, त्यामुळे सारखी कुणावर तरी चिडल्यासारखी दिसतात. दिवसा दोघं करंजाच्या फांदीवर एकमेकांना चिकटून बसतात. मी खिडकीत गेले की मान खाली-वर, खाली-वर करून मला न्याहाळतात.

सासूबाई म्हणतात, “पिंगळा हाय तो. घराच्या भितीत पिंगळा बसला तर चांगलं नाय. लय वंगाळ बोलतो.” त्या संध्याकाळी मागचं दार उघडू देत नाहीत. अमोल पहिल्या पाळीला असला की चारला घरी येतो, चहा घेतो आणि झोपतो. मी मात्र दिवेलागणीला त्या खोलीत जाऊन बसते. आधी एक ओरडतो, मग दुसरा त्याच्यात आवाज मिसळतो, चिरर्र चिरर्र करत दोघं भांडल्यासारखे चढत जातात आणि एकदम गप्प होतात. गप्प झाले की खोली फार मोठी वाटते.

तुला पाखरांचं कळतं. हे खरंच पिंगळे का? आणि ते वाईट असतात का?

तुझी,
हर्षाली


नांदगाव
१६ फेब्रुवारी

चि. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

पिंगळेच ते! तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला की शेजारच्या बायडाबाईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “अगं मास्तरीण, तुझी भाची तुझ्यावरच गेली.”

पिंगळा हे घुबडांतलं सगळ्यात शेजारधर्मी पाखरू. त्याला दाट रान लागत नाही. जुनं झाड, भिंतीतलं भोक आणि जवळपास माणूस असला की त्याचं भागतं. माणूस आला की दिवा येतो, दिव्यावर किडे येतात, धान्यावर उंदीर येतात. तुमच्या गल्लीतल्या खांबाखाली संध्याकाळी बघ, नर तिथे नाकतोडे टिपत असेल. वाईट म्हणशील तर उंदरांसाठी वाईट. लोक त्याच्या बोलण्यावरून भविष्य सांगतात, पण तो बोलतो ते बायकोशी, आपल्याशी नाही.

त्याचा आवाज मी विसरले नाही. कान गेले त्याच्या आधी शाळेच्या आवारातल्या चिंचेवर एक जोडी होती. आता नुसती चोच उघडलेली दिसते. पाखरं बघायला लागले ती कान गेल्यावरच. ऐकू येत नसलं की माणूस नीट बघतो, बोलणाऱ्याचे ओठसुद्धा.

हे त्यांचे अंडी घालायचे दिवस. म्हणजे तुझ्या आधी पिंगळीचं बाळंतपण! आता सातवा सरला ना? बाळ फिरतं का? कुठल्या कुशीला जास्त? तुझा बाप असाच आईच्या उजव्या कुशीला लाथा मारायचा म्हणे. मी दोन गोधड्या शिवायला घेतल्या आहेत, जुन्या सुती लुगड्यांच्या, मऊ.

बायडाबाई म्हणते तिच्या मोबाईलवर मेसेज करत जा. पण दुसऱ्याच्या मोबाईलवर मनातलं बोलता येत नाही. तू पत्रच लिही.

तुझी आत्या,
उज्वला


सातपूर
५ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

तू म्हणालीस तसंच झालं. मादी बरेच दिवस बाहेर दिसलेली नाही. नर एकटाच करंजावर असतो. अंधारायला लागलं की तो खांबाखाली उतरतो, काहीतरी पकडतो आणि भिंतीतल्या भोकाशी जाऊन हलकेच आवाज देतो. आतून उत्तर येतं. बाहेरून ऐकलं तर काहीच नाही, पण मी आतल्या बाजूने प्लायला कान लावला की सगळं ऐकू येतं. पंख फडफडतात, नखं घासतात. ती आत कूस बदलत असेल.

बाळ फिरतं का विचारलंस. हो, फिरतं. उजव्या कुशीलाच.

सासूबाईंनी परवा मिरच्या आणि मीठ उतरवून मागच्या दारात जाळलं. सगळ्यांना ठसका लागला, पिंगळ्याला काही झालं नाही. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे गं, जेवले नाही तर स्वतः उपाशी बसतात. फक्त मला त्या खोलीत जाऊ देत नाहीत, मी त्यांची नजर चुकवून जाते.

पिल्लं कधी होतील? किती होतील? सविस्तर लिही. तुझी पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यांत सगळं ठीक असतं.

तुझी,
हर्षाली


नांदगाव
१४ मार्च

चि. हर्षालीस,
आशीर्वाद.

सोबत पार्सलमध्ये गोधड्या पाठवल्या आहेत. एक पिवळी, एक हिरवी. मुलगा-मुलगी काही झालं तरी चालतील.

पिल्लांचं विचारलंस. साधारण महिनाभर मादी उबवते. तीन-चार अंडी असतात, पांढरीशुभ्र, जवळजवळ गोल. गंमत अशी की पहिलं अंडं घातल्यापासूनच ती बसते, त्यामुळे पिल्लं एकदम बाहेर येत नाहीत, एकापाठोपाठ येतात. थोरलं अंगाने मोठं, धाकटं अगदीच लिंबाएवढं. खाणं भरपूर असलं तर सगळी जगतात. कमी पडलं तर धाकटं मागे पडतं आणि जातं. आई त्याच्यापाशी अडकत नाही, उरलेल्यांच्या मागे लागते. वर्गात हे सांगितलं की मुली डोळ्यांत पाणी आणायच्या. मी त्यांना म्हणायचे, निसर्गात हे चालतंच, जाणाऱ्याचा शोक करत बसलं तर राहणाऱ्याचं कोण बघणार?

तू मात्र आता वाकून कामं करू नकोस. पंखा पुसायला स्टुलावर चढू नकोस. गुढीपाडवा झाला की मी येऊन राहते तुझ्याजवळ. तुझ्या सासूबाईंना, कुसाबाईंना सांग, मला ऐकू येत नसलं तरी बाळाला आंघोळ घालता येते.

तुझी आत्या,
उज्वला


सातपूर
१ एप्रिल

ती. आत्याबाईंना,
अमोलचा नमस्कार.

मी पहिल्यांदाच तुम्हाला लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

पाडवा झाला की तुम्ही येणार असं पत्रात होतं, म्हणून आता सांगायलाच पाहिजे. बाळ राहिलं नाही. जानेवारीतच गेलं, संक्रांत झाल्यावर. सातव्या महिन्यात पोटातच हालचाल थांबली. मुलगी होती. हर्षालीने सगळ्यांना शपथ घातली की आत्याला कळवायचं नाही. का, ते तेव्हा मला समजलं नाही. आता वाटतं, तुमच्या पत्रांत बाळ अजून होतं, म्हणून.

तुमचं मागचं पत्र वाचल्यापासून ती फारसं बोलतच नाही. तुम्ही मुद्दाम लिहिलं नाही हे मला माहीत आहे. पण धाकट्या पिल्लाचं वाचून ती दोन दिवस जेवली नाही. गोधड्यांचं पार्सल तिने उघडलं नाही.

आता भिंतीतून रडणं ऐकू येतं म्हणते. लहान बाळाचं. मी म्हटलं, पिंगळ्याची पिल्लं असतील. तर म्हणते, “पिल्लांचं वेगळं आणि हे वेगळं.” आईला काही ऐकू येत नाही. मलाही येत नाही. डॉक्टर म्हणाले आराम द्या, वातावरण बदला. आई म्हणते पिंगळा घालवा.

रविवारी मला सुट्टी आहे. मी काहीतरी बंदोबस्त करतो. तुम्ही तिला सध्या पाखरांबद्दल लिहू नका, एवढी विनंती.

आपला,
अमोल


नांदगाव
५ एप्रिल

चि. हर्षाली,

अमोलचं पत्र काल मिळालं. मी काय लिहून बसले गं! तुला लाथा कुठल्या कुशीला बसतात विचारत राहिले. शहाणपण शिकवत राहिले. निसर्गात शोक नसतो हे मला कुणी सांगितलं? मला ऐकू येत नाही, म्हणून मी ‘शोक नाहीच’ असं म्हणून मोकळी झाले.

तू ‘हो, फिरतं’ असं लिहिलंस ते मी आता पुन्हा वाचलं. मी तुला खोटारडी म्हणणार नाही. पाहिजे तेवढे दिवस माझ्या पत्रांत तिला ठेव.

अमोल, हेही वाच. बंदोबस्त म्हणजे काय करणार आहेस? आत या दिवसांत पिल्लं असणार. भोक बुजवू नकोस. हात जोडते.

आत्या


सातपूर
१८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. मेसेजमध्ये तुला अर्धंमुर्धं कळलं असेल, आता नीट लिहिते.

रामनवमीला सासूबाई मला पंचवटीत दर्शनाला घेऊन गेल्या. मला वाटलं, सहज. गर्दी इतकी होती की त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. परत आलो तर अमोल मागच्या अंगणात थापी धूत होता. वर बघितलं तर भोक नव्हतं. विटांचे तुकडे आणि सिमेंट, ओलंच होतं.

“आत पिल्लं होती,” मी म्हटलं.

“काही नव्हतं. मी काठी घालून बघितलं.”

“नीट बघितलंस?”

तो थापी धूतच राहिला.

संध्याकाळी मी प्लायला कान लावला. आत होतं, आत्या. बारीक, फुस्स फुस्स केल्यासारखं आणि मधूनच चिरकं. मी सासूबाईंना ओढत आणलं. त्यांना वयामुळे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्या म्हणाल्या, “पोरी, कायबी नाय. तुझ्या मनातलं हाय ते.” अमोल दारात उभा होता. त्याला म्हटलं, तू ऐक. तो आत आलाच नाही. “मला काही ऐकू येत नाही,” म्हणाला आणि निघून गेला.

आता तू म्हणशील, स्क्रू काढून प्लाय उघडायचा. मी पेचकस हातात घेऊन उभी होते. पण उघडलं आणि आत काहीच नसलं तर? मग ते रडणं कुठून येतं, याचं उत्तर एकच उरत होतं. ते मला ऐकायचं नव्हतं. पेचकस खाली ठेवला.

सोमवारी सकाळी अमोल कंपनीत गेल्यावर बायडाबाईंच्या मोबाईलवर तुला लिहिलं, मला वेड लागलंय का? तुझं उत्तर मी अजून पुसलेलं नाही. “कानावर जाऊ नकोस. बाहेर जा आणि मोठे पिंगळे काय करतात ते बघ. आईबाप भिंतीशी खाणं घेऊन येत असतील तर आत जिवंत पिल्लं आहेत.”

मी अंगणात गेले. भर उन्हात नर तारेवर बसला होता, त्याच्या डोक्यावर बुलबुल आणि चिमण्या कालवा करत होत्या, टोचे मारत होत्या, तरी हलत नव्हता. चोचीत पाल होती. तो उडून भिंतीशी आला, सिमेंटला नखं लावून लोंबकळला, घसरला, परत तारेवर गेला. पुन्हा आला. पुन्हा घसरला. पाल गिळतही नव्हता आणि टाकतही नव्हता. मादी करंजावरून बघत होती.

मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पदर डोक्यावर घेऊन वर बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पेचकस कुठंय?”

स्टूल त्यांनीच धरलं. प्लाय निघाला तसा धुरळा आणि उग्र वास आला. आत तिघं होती. पांढुरक्या लवीचे गोळे. दोघांनी डोळे उघडे करून माझ्याकडे बघितलं आणि फुस्स केलं. तिसरं सगळ्यांत लहान, भावंडांच्या पायाशी निजल्यासारखं पडलं होतं. ते गार झालेलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, “बाई गं! जित्ती हायेत की ही!” आणि पिल्लांना हात जोडले. “म्या जित्त्या लेकरांवर दगड लावला.” मी त्यांना म्हटलं, तुम्ही नाही लावला. तर मान हलवत राहिल्या.

अमोल चारला आला. मी नुसतं खोलीकडे बोट केलं. तो आत जाऊन बघून आला आणि बूटही न काढता शिडी लावून छिन्नीने सगळं सिमेंट पाडलं. मी आतून प्लाय धरून ठेवला होता, पिल्लांना खडे लागू नयेत म्हणून. तो शिडीवरून उतरला तेव्हा ऊन कलत होतं. आम्ही तिघंही अंगणात थांबलो. नर आला, भोकाच्या काठावर बसला, आत वाकला. बाहेर आला तेव्हा चोच रिकामी होती.

लहानग्याला मी रुमालात ठेवलं होतं. अमोल म्हणाला, “दे, मी पुरून येतो. तू बस.”

“मी येते,” मी म्हटलं.

जानेवारीत मला कुणी येऊ दिलं नव्हतं, आत्या. दाखवलंही नव्हतं. सगळे म्हणाले, बघू नको, बघितलं की विसरता येत नाही. मी गुंगीत होते, आणि अमोल एकटाच गाडी काढून तिला गावाकडे घेऊन गेला. परत आल्यावर मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

करंजाखाली त्याने खड्डा केला. मी रुमाल आत ठेवला. तो माती लोटत होता तर मी सहज म्हटलं, “नीट दाब. कुत्री उकरतात.”

“माहितीये मला,” तो म्हणाला. “तिथं मी मोठा दगड ठेवला. दोनदा जाऊन बघून आलो.”

आणि त्याचे हात थांबले. आम्ही दोघं त्या मातीत तसेच बसलो. मग मी विचारलं, “कशी होती?”

सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

“केस होते,” तो म्हणाला. “खूप. ओले होते तरी कुरळे दिसत होते. बोटं लांब होती. नाक आईवर होतं. झोपल्यासारखीच होती गं, फक्त ओठ काळे पडले होते. गाडी चालवताना मी तिला मांडीवरच ठेवलं होतं. मागे ठेववेना.”

मी रडले. तोही रडला. मग म्हणाला, “तुला वाटतं मी आईच्या सांगण्यावरून भोक बुजवलं. आईचं काही नाही त्यात. पहाटे पाळीला निघताना मला रोज आवाज यायचा. पिल्लांचा नाही, तूच म्हणाली होतीस, तो वेगळा. मी गॅरेजमध्ये गाडी चालू करून उभा राहायचो, इंजिनच्या आवाजात तो बुडावा म्हणून. तू विचारलंस की मी नाही म्हणायचो. हो म्हटलं असतं तर घरात दोघंही गेलो असतो कामातून.”

इतके दिवस मी एकटीच ऐकत होते असं समजत होते.

पार्सल उघडलं. गोधड्या फार मऊ आहेत गं.

तुझी,
हर्षाली


नांदगाव
२४ एप्रिल

चि. हर्षाली आणि चि. अमोल,

तुमचं पत्र मांडीवर घेऊन बसले आहे. उपदेश करणार नाही. केस कुरळे आमच्याकडचे, तुझ्या बापाचे होते.

दगडापाशी जाऊन या, दोघं मिळून. आणि एक विचारते. तो आवाज अजून येतो का?

आत्या


सातपूर
१६ मे

ती. आत्यास,
सा. न.

जाऊन आलो. अमोलने तिला गावच्या ओढ्याकाठी ठेवलं होतं. ओढ्याला पाणी नाही, काठाला निर्गुडी आहे. दगड जागेवर आहे. सासूबाई बरोबर आल्या होत्या, त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि तिला नाव घेऊन हाक मारली. नाव आम्ही वाटेत ठरवलं होतं. आरोही.

पिल्लं आता उडतात. थोरलं आधी बाहेर आलं आणि एक अख्खा दिवस दांडीवरच्या कपड्यांत बसून राहिलं. दुसरं भोकात भुवया उंचावून विचार करत होतं, शेवटी एका संध्याकाळी तेही पडत-उडत करंजावर गेलं. आता चौघं मोकळ्या प्लॉटच्या पलीकडे चिंचेवर असतात. भिंतीतलं खोकं रिकामं आहे. अमोलने टॉर्च लावून बघितलं, पिसं आणि किड्यांची कवचं, बाकी काही नाही.

आवाज येतो का म्हणून विचारलंस.

काल दिवे लागले होते. मी भाकऱ्या टाकत होते, अमोल आणि सासूबाई जेवायला बसले होते. सासूबाई गावच्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होत्या. अमोलचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तवा खाली उतरवला.

“काय झालं रं?” सासूबाई म्हणाल्या.

“काही नाही,” अमोल म्हणाला. आणि जरा वेळाने म्हणाला, “आई, थोडं गप बस. ऐकू दे.”

तुझी,
हर्षाली